बजीला भाजी लावली, पंधरा दिवसांत तो पुन्हा बाजरीवर: असं का होतं आणि काय करावं

दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, ओळखीतल्या पक्षी पाळणाऱ्यांचे मला हमखास फोन येतात. गाऱ्हाणं तेच असतं. "वहिनी, मस्त भाजी खायला लागला होता. कोथिंबीर, गाजर, सगळं. आता आठ दिवस झाले, ढुंकून बघत नाही. नुसती बाजरी आणि सूर्यफूल."

परभणीत आमच्या घरात हेच तीनदा घडलं. तिन्ही वेळा मी पक्ष्याला हट्टी म्हटलं आणि तिन्ही वेळा कारण घरातच सापडलं. म्हणून भाजी कशी लावायची एवढ्यावर न थांबता, लावलेली भाजी सुटते कशी हेही इथं लिहिते. बजी (बजरीगार, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट), कॉकटिएल (डोक्यावर तुरा असलेला पोपट), लव्हबर्ड यांना हे बहुतेक सगळं लागू पडतं. आपल्याकडे दुकानात बजीलाच 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा. बजी ऑस्ट्रेलियातला, अंगावर लाटांसारख्या रेघा असलेला. तुमच्या घरी कोण आहे ते आधी नीट ओळखून घ्या, कारण पुढची मापं मी बजीची दिली आहेत.

आमचा पहिला बजी चिकू. पोपटी रंगाचा नर. दुकानातून आणताना सोबत अर्धा किलो मिक्स दाणा मिळाला, आणि तसलाच दाणा आम्ही त्याला चार वर्षं घातला. वर हातानं सूर्यफुलाच्या बिया, कारण त्या घ्यायला तो बोटावर यायचा. गोलमटोल झाला होता, घरी येणारे कौतुक करायचे. मग त्याची चोच वाढायला लागली. ती कापावी का हे विचारायला मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चोचीवरचे काळपट लाल डाग दाखवले, मग पोटावरची पिसं ओली करून बाजूला सारली आणि कातडीखालची पिवळी चरबी दाखवली. यकृतात चरबी साठली होती. त्यानंतर तो दोन महिने जगला. त्याला काही कमी पडू नये म्हणूनच आम्ही ते सगळं घातलं होतं. ते मला आजही बोचतं.

आधी तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर छोटी डबी ठेवून काटा शून्य करा, डबीत चिमूटभर राळा (एक बारीक भरडधान्य) टाका आणि पक्ष्याला तिथं उतरू द्या. चार दिवसांत सवय होते. रोज सकाळी, दाणा द्यायच्या आधी, एकाच वेळी वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. साधा पाळीव बजी ३० ते ४० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचं साडेतीन ग्रॅम वजन उतरलं, तर त्याच्या शरीराचा दहावा हिस्सा गेला. हे डोळ्यांना दिसत नाही, पिसांखाली झाकलं जातं. आहारात कसलाही बदल करायचा तर ही वही लागतेच. वजन न मोजता बजीचा दाणा कमी करू नका, हे मी हात जोडून सांगते.

दुसरी गोष्ट वाटी. बजी दाणा सोलून आतला गर खातो आणि फोलपट तिथंच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि आपण म्हणतो, "आहे की अजून." हळूच फुंकर मारून बघा. वरची फोलपटं उडाली की खाली कधी चार दाणे असतात, कधी एकही नसतो. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहतो तो असा. उलट बाजूही बघा. वाटीच्या तळाशी रोज बाजरी उरते आणि सूर्यफूल, करडई मात्र संपलेली असते. याचा अर्थ तुम्ही पाच प्रकारचं धान्य घालता आणि तो दोनच प्रकार खातो. आहार ठरवताना वाटीत काय पडलं हे विचारात घेऊ नका, वाटीतून काय गेलं ते मोजा.

तिसरी गोष्ट शी. हिरवी भाजी सुरू केली की तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्याला जुलाब लागले, बंद करा ती भाजी." निम्म्या घरांत भाजी इथंच सुटते. पक्ष्याच्या शीचे तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट वळी, तिच्यावर पांढरा चुन्यासारखा भाग आणि भोवती पातळ पाणी. काकडी, पालेभाजी, फळ खाल्लं की हे पाणी वाढतं. वळीचा आकार टिकून असेल तर तो जुलाब नाही, भाजीतलं पाणी बाहेर पडतंय. बीट खाल्लं तर शी लालसर होते, घाबरू नका. वळीच मोडली, सगळं एकजीव पातळ झालं, घाण वास आला किंवा शेपटीखालची पिसं चिकटायला लागली, तर मात्र तो आजार समजा. पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद घाला म्हणजे हे सगळं कळतं. वर्तमानपत्राच्या छपाईत कळत नाही.

मुळात तो भाजी का नाकारतो

जंगली बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मधल्या भागात थव्यानं फिरतात, पाणी शोधत, आणि जमिनीवर उतरून गवताचं बी खातात. म्हणजे बी हे त्याचं खरंच अन्न आहे. बी वाईट असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ते बी गवताच्या लोंबीतलं, पुष्कळदा अर्धं कच्चं, दुधाळ असतं आणि ते मिळवायला तो मैलोन् मैल उडतो. आपण देतो ते वाळलेलं, तेही दीड फुटाच्या पिंजऱ्यात. शिवाय दाण्यात तेलबिया मिसळलेल्या. सूर्यफुलाच्या गरात जवळपास निम्मं तेल असतं. करडईच्या दाण्यात साधारण तीस टक्के. राळ्यात, बाजरीत चार-पाच टक्के. इतका फरक असल्यावर तो काय निवडणार हे उघड आहे.

नुसत्या वाळल्या बियांत जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतं, कॅल्शियम फार कमी आणि आयोडीनही कमी. अ कमी पडलं की शिंका येतात, नाकपुड्यांशी खपली धरते, तोंडात पांढरे चट्टे उठतात. कॅल्शियम कमी पडलं की मादीचं अंडं अडकतं. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉईडची गाठ सुजते आणि श्वास घेताना बारीक टिकटिक आवाज येतो. यावर उपाय म्हणून घरातलं आयोडीनचं मीठ पाण्यात टाकणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून तसं करू नका. एवढ्या लहान जिवाला मीठ विषासारखं आहे.

आता त्याच्या बाजूनं विचार करा. पिल्लू असताना आईबापांनी जे खाल्लेलं पाहिलं तेच त्याच्या लेखी अन्न. गाजराचा तुकडा त्याला खाण्याची वस्तू वाटतच नाही. तो तुमचा अपमान करत नाही, त्याला ती वस्तू ओळखू येत नाही.

दाणा कोणता

मोंढ्यात जाऊन सुटं धान्य घ्यायला मला आवडतं, कारण डोळ्यांनी बघता येतं. राळा मुख्य (दुकानदार त्याला कांगणी म्हणतात), त्याबरोबर सालीसकट वरी आणि बाजरी, आणि मिळालं तर कॅनरी सीड. उपवासाची भगर वेगळी, ती सोललेली असते. तिनं अपाय होत नाही, पण सोललेलं धान्य लवकर जुनं होतं आणि पक्ष्याचं सोलायचं कामही जातं. सूर्यफूल आणि करडई या मिश्रणातून पूर्ण बाहेर. त्या फक्त हातानं, शिकवताना, दिवसाला दोन-तीन.

धान्य ताजं आहे का हे ओळखायची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. बहुतेकांना मोड आले तर धान्यात जीव आहे. निम्म्याला आले नाहीत तर ते दुकानात फार दिवस पडून होतं.

इथं दोन इशारे, आणि ते आपल्या भागासाठी फार गरजेचे आहेत. पेरणीतून उरलेलं बियाणं पक्ष्याला कधीही घालू नका. बाजरीचं हायब्रीड बियाणं गुलाबी, लाल, हिरव्या रंगात येतं. तो रंग म्हणजे बुरशीनाशकाची किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया केल्याची खूण आहे. धुतल्यानं ते जात नाही. माझ्या आत्याबाईंनी गावाकडून प्रेमानं पिशवी पाठवली होती, "पाखरांना होईल" म्हणून. मी ती उघडून बघितली म्हणून वाचले. दुसरा इशारा साठवणीच्या धान्याचा. कणगीत, कोठीत कीड लागू नये म्हणून आपण पारद टिकडी, बोरिक पावडर किंवा विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवतो. त्या कोठीतली बाजरी पक्ष्याला नको. त्याच्यासाठी किलोभर वेगळी आणा, काहीही न घालता काचेच्या बरणीत ठेवा.

शेंगदाण्याचं विचाराल तर मी देत नाही. शेंगेला आतून बुरशी धरली तर ती बाहेरून दिसत नाही, आणि त्या बुरशीचं विष यकृतावरच जातं.

पेलेट म्हणजे सगळी पोषकं एकत्र दाबून केलेल्या गोळ्या. चांगल्या असतात, महाग असतात, आणि आपल्याकडे बहुधा मागवाव्याच लागतात. परवडत असतील तर रोजच्या धान्याची थोडी जागा त्यांना द्या. नुसत्या पेलेटवर बजीला ठेवू नका. परवडत नसतील तर जीव खालीवर करून घेऊ नका, शेवग्याचं झाड बहुतेक गल्लीत असतं.

भाजी कोणती

शेवग्याचा कोवळा पाला मी सगळ्यांच्या वर ठेवते. जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम दोन्ही त्यात भरपूर आणि फुकट मिळतो. त्यानंतर मेथी, कोथिंबीर, गाजर, मुळ्याचा पाला. लाल भोपळा आणि रताळं वाफवून. ढोबळी मिरची लाल असेल तर उत्तम. हिरवी तिखट मिरचीही चालते, कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही. माणसाच्या जिभेला झोंबणारा घटक त्यांच्या नसांना जाणवत नाही. म्हणून राघू मिरची मजेत खातो. पण मिरची खाल्ली म्हणजे आहार झाला, असं नाही. दोडका, काकडी, चवळीच्या शेंगा, मटार अधूनमधून.

पालक मी आठवड्यातून एकदाच देते. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. त्याच कारणानं चुका आणि अंबाडी नाहीच. अंबाडीची भाजी नि ज्वारीची भाकरी आपल्या जिवाभावाची असली तरी ती आपल्या ताटात राहू द्या.

भाजी बाजारातली असेल तर वाहत्या पाण्यात धुवा, मग दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा धुवा. फवारणीचं प्रमाण आपण शेतात बघतोच.

मोड आलेले मूग आणि मटकी ही तर आपल्या घरची तयार गोष्ट. कच्चे मोड बजी आवडीनं खातो. हरभरा भिजवून, मऊ उकडून, कुस्करून. राजमा कच्चा कधीच नको, त्यात विषारी घटक असतो. मोडांना आंबूस वास आला, बोटाला बुळबुळीत लागले तर सरळ टाकून द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर असतो, तेव्हा कुठलंही ओलं खाणं पिंजऱ्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

फळ चिमूटभर, आठवड्यातून दोन-तीनदा: पेरू, पपई, डाळिंबाचे दाणे, जालन्याच्या मोसंबीची अर्धी फोड, मोसमात केशर आंब्याचा तुकडा. सफरचंदाच्या बिया काढून. सीताफळाच्या बिया विषारी असतात. बीडचं सीताफळ घरात आलं की माझी मुलगी आधी पिंजरा दुसऱ्या खोलीत नेते, कारण बी उडून कुठं पडेल सांगता येत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, दारू यांतलं काहीही नको, चवीपुरतंही नको. दूध त्यांना पचत नाही, म्हणून दूध-पोळी नको. फरसाण, चिवडा, पापड मिठामुळे नको. बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा कधी घेतला तर बिघडत नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्याला टांगून ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पक्ष्यांच्या दुकानात त्यालाच कटलबोन म्हणतात. पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वांचे थेंब मी बंद केले. थोड्या वेळात त्यांचा प्रभाव जातो, पाण्याला चव येते म्हणून पक्षी पाणी कमी पितो आणि भांड्यात जंतू वाढतात. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, टाकीत साठवलेलं असतं. तेव्हा आपण पितो तेच गाळलेलं पाणी त्याला द्या आणि उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा बदला.

भाजी लावायची रीत

सूर्य मावळला की दाण्याची वाटी काढून घ्या. अंधारात तो खात नाही, त्यामुळे हा उपास नव्हे. सकाळी उजाडल्यावर त्याला कडकडून भूक लागलेली असते. वजन घ्या आणि फक्त भाजी ठेवा. दोन तासांनी, भाजी खाल्ली असो वा नसो, दाणा द्यायचाच. एका बजीला मी सकाळी एक सपाट चहाचा चमचा आणि दुपारनंतर एक देते. भाजी नीट खायला लागला की सकाळचा चमचा अर्धा होतो. माझा अंदाज असा आहे की निम्मं धान्य आणि निम्मं भाजी, मोड, पाला इथवर पोचलं म्हणजे गाडी रुळावर आली. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरायला लागलं तर लगेच पूर्ववत दाणा.

आता भाजी ठेवायची कशी. वाटीत नको. बजी जमिनीवर चरणारा पक्षी आहे, म्हणून पिंजऱ्याच्या तळाला पसरट ताटली ठेवा. गाजर राळ्याच्या दाण्याएवढं बारीक किसा, पाला अगदी बारीक चिरा, बिनमिठाची कोशिंबीरच म्हणा. तिच्यावर चिमूटभर राळा भुरभुरा. ओल्या भाजीला दाणे चिकटतात, ते टिपताना भाजी चोचीला लागते आणि चव कळते. यापुढं सगळा धीराचा खेळ आहे.

दुसरी वाट म्हणजे मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी पाण्यात बुडवून, न झटकता, दांडीजवळ कपड्याच्या चिमट्यानं अडकवायची. बजीला ओल्या पानांत अंग घासायला आवडतं. अंघोळीच्या नादात पानं कुरतडायला लागतो.

सगळ्यात मोठी चूक मी केली ती रोज नवीन भाजी द्यायची. आज गाजर, उद्या मेथी, परवा दोडका. त्याला एकही ओळखीची झाली नाही. एक भाजी घ्या आणि तीच पंधरा दिवस रोज ठेवा. पहिले आठ दिवस ती तशीच सुकून परत येईल. सासूबाई म्हणायच्या, "कामून रोज वाया घालवतीस गं?" नवव्या दिवशी मोतीनं (चिकूनंतरचा आमचा बजी) गाजराचा कीस उचलला, चोचीत फिरवला आणि टाकला. अकराव्या दिवशी गिळला. त्यानंतर सासूबाईच त्याच्यासाठी गाजर किसायला बसू लागल्या. त्याच्यासमोर तुम्ही तीच भाजी चवीनं खा, हेही खरंच कामाला येतं. थव्यात राहणारा पक्षी आहे, दुसरा खातो म्हटलं की त्याला धीर येतो.

डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस येतात. ज्वारीचं कोवळं, दुधाळ कणीस (भाजायच्या आधीचं) पिंजऱ्यात टांगून बघा. जंगलात तो जे खातो त्याच्या सगळ्यात जवळचं अन्न आपल्या शिवारात उभं असतं. काहीच न खाणारा पक्षीही कणसावर येतो. कणसानं ओलं खाणं ओळखीचं झालं की भाजी लावणं सोपं जातं. मात्र शेतमालकाला फवारणी कधी झाली ते विचारून घ्या.

लावलेली भाजी सुटली तर काय शोधायचं

आमच्याकडे पहिल्यांदा सुटली ती दिवाळीत. पाहुणे, भाचरं, प्रत्येकाला मोतीला काहीतरी भरवायचं होतं. कुणी सूर्यफूल, कुणी शेव, कुणी बिस्किट. मला वाटत होतं मी चमचा मोजून दाणा देते आहे, आणि तो दिवसभर दुसऱ्यांच्या हातून पोट भरत होता. आता पिंजऱ्याला चिठ्ठी असते आणि शेजारी एका डबीत चिरलेलं गाजर. लहान मुलांना भरवायची हौस असते, ती मोडू नका, हातात गाजर द्या. घरात चार माणसं असतील तर दाणा एकानंच घालायचा, हे ठरवून घ्या. तुमची भाजी सुटली असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन: त्याला आणखी कोण भरवतं?

दुसऱ्यांदा सुटली मेमध्ये. सकाळी आठलाच भाजी सुकायची, पालेभाजी महाग झालेली, म्हणून मीच महिनाभर टाळाटाळ केली. जूनमध्ये परत ठेवली तर त्यानं ओळखच दाखवली नाही. महिन्याच्या खंडात तो विसरतो. उन्हाळ्यात भाजी पहाटे, उजाडताच ठेवा, पुरेशी ओली ठेवा, आणि प्रमाण कमी करा, पण एक दिवसही खंड नको. पालेभाजी नसेल तर काकडी, मोड, घरच्या कुंडीतल्या न फवारलेल्या दूर्वा. खंड पडलाच असेल तर पुन्हा पहिल्या भाजीपासून, त्याच पंधरा दिवसांच्या रीतीनं. या खेपेला चार-पाच दिवसांत जमतं.

तिसऱ्यांदा आम्ही मोतीला जोडीदारीण आणली. ती दुकानातून आलेली, फक्त दाणा ओळखणारी. मला वाटलं मोतीचं बघून ती शिकेल. झालं उलटं. तो तिच्या वाटीवर गेला. नवीन पक्षी आणला तर निदान महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत ठेवा. आजारासाठी ते करायचंच असतं, त्याच काळात तिला भाजीही लावून घ्या. मग एकत्र करा.

पिसं झडायच्या दिवसांत पक्षी मलूल असतो, खाण्याची निवड बदलते. तेव्हा जबरदस्ती नको. मोड वाढवा, चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर चुरा द्या. नवीन पिसं उगवायला प्रथिनं लागतात.

आणि एक शक्यता राहते, ती आहाराची नाहीच. तो दाणा खातो भरपूर, पण वजन उतरतं आणि शीमध्ये अख्खे दाणे दिसतात: हा पोटाचा आजार आहे. चोचीभोवती, डोळ्यांभोवती मधाच्या पोळ्यासारखी छिद्रंछिद्रं असलेली खपली: ती किडीची, औषधानं जाते, भाजीनं जाणार नाही. पिसं फुलवून तळाला बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलणं, मादीनं जोर लावत कोपऱ्यात बसून राहणं, दिवसभर काहीच न खाणं: यात "उद्या बघू" म्हणायला वेळ नसतो. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, दिसायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

राघूबद्दल

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी राघू, मिठू किंवा पहाडी पोपट असेल. आमच्या शेजारच्या काकांकडेही होता, बारा वर्षं, घरातल्या लेकरासारखा. पण आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. बजी परदेशी, पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेला आहे, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. आठवडी बाजारात कुणी राघूचं पिल्लू विकत असेल तर दयेपोटीही घेऊ नका, त्या पैशातून तो पुढची ढोली शोधतो. जखमी पोपट सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी अनेक वर्षांपासूनचा असेल तर असाच सोडूनही देऊ नका, त्याला बाहेर अन्न शोधता येणार नाही. वनविभागाशी बोला.

दवाखान्यात जाताना

पक्ष्यांचे डॉक्टर आपल्याकडे कमी आहेत. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आसपासच्यांना तिथं विचारता येतं. बाकीच्यांनी आपल्या गावात पक्षी बघणारे डॉक्टर कोण, हे पक्षी बरा असतानाच शोधून ठेवावं. छोट्या पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात, वरून सुती कापड टाकून न्या. थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, उन्हाळ्यात दुपारची एसटी टाळा. सोबत वजनाची वही, तो खातो त्या दाण्याची मूठभर पुडी आणि पिंजऱ्याच्या तळाचा आजचा कागद घडी न करता न्या. डॉक्टरांनी मोतीच्या वेळी सगळ्यात आधी तो कागदच मागितला होता.